तिसरं दार, उजवीकडे

मातोझिन्यूशच्या त्या कॅनरीत माझं काम एवढंच,
बायकांच्या मनात कंपनीची ओढ निर्माण करायची.
दर महिन्याला चार पानी रंगीत पत्रक काढायचे मी.
पहिल्या पानावर साहेबांचं हसू,
खाली ठळक अक्षरांत: आपण सारे एक कुटुंब.

देओलिंदा तेहतीस वर्षं सार्डिनची मुंडकी उडवते आहे.
म्हणाली, "पोरी, कागद मात्र झकास हं तुझा.
तेल चांगलं टिपतो."
आणि माझ्यादेखत साहेबांच्या हसण्यात
मांजरासाठी चार मुंडकी गुंडाळून घेतली.

खाल्ल्या मिठाला जागावं,
असं वरच्या मजल्यावर सगळ्यांना वाटायचं.
खाली मीठ कुणी खात नाही.
ते बोटांच्या चिरांत शिरतं
आणि रात्रभर जागं ठेवतं.

नोव्हेंबरात मासा आटला. भोंगा वाजेना.
वरून मजकूर आला: तात्पुरते पुनर्नियोजन.
तीनदा वाचला,
घरी कोण बसणार ते मलाच कळेना.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर एक फळा आहे,
हरवलेल्या छत्र्यांचा.
संध्याकाळी त्यावर खडूनं लिहिलं:
मासा नाही. पंधरा दिवस काम नाही.
पगार निम्मा.
पुढचं मला माहीत नाही.
इल्दा, वरचा मजला, उजवीकडे, तिसरं दार.
'निम्मा' जरा वाकडा आला.

सकाळी खाली कुणीतरी विचारलेलं:
निम्मा म्हणजे ओव्हरटाइम धरून?
वेगळ्या अक्षरात:
बॉयलरची गळती कधी बघणार, कुणी भाजल्यावर?
आणि कोपऱ्यात, बारीक: छत्री सापडली.

विचारून आले. लिहिलं: धरून.
बॉयलरचं उत्तर मिळालं नाही,
तेही लिहिलं.
साहेबांनी बोलावून घेतलं.
खाली आले, डस्टर हातात धरलं,
परत ठेवलं.

अहवालात एक रकाना असतो: निष्ठा, टक्के.
त्या महिन्यात तो कोराच गेला.

भोंगा वाजला तो पंधरा नव्हे, बावीस दिवसांनी,
पहाटे चारला.
किती जणी आल्या, मोजायचं राहूनच गेलं.
देओलिंदा एप्रनची गाठ मारत
पहिल्यांदाच जिना चढून आली,
दारं मोजत.
खिशातून नातवाच्या दप्तरातले दोन खडू काढून
टेबलावर ठेवले.
"संपत आला होता तुझा.
आणि बॉयलर अजून गळतोय,
ते पुसू नकोस."