परतीची नस

तार्तूत जानेवारीत आठ वाजले तरी उजाडत नाही.
मी साडेसातला किल्ली फिरवते.
सहा टेबलं, सहा चादरी,
आणि तो फॉर्मालिनचा वास,
जो आपल्या राईच्या पावालाही लागलाय
असं माझा नवरा म्हणायचा.

मी डॉक्टर नाही. मी मायमू.
इथे चाकूंना धार लावते, तसराळी धुते,
आणि टर्म संपली की उघडलेलं सगळं
पुन्हा शिवते,
जमेल तेवढं सरळ.

आज मान आहे.
पोरं माना खाली घालून मानेकडे बघतात.

आधी कातडी. तिच्या पाठीला चिकटून
कांद्याच्या पापुद्र्यासारखा एक स्नायू,
दात-ओठ खाताना आपोआप ताणला जाणारा.
तो फाटला. पहिल्यांदा प्रत्येकाकडून फाटतोच.
हेल्दुर "माफ करा" म्हणाला, मृत बाईला.
कुणी हसलं नाही.

मग तो तिरका दोर,
कानामागच्या हाडापासून हंसळीपर्यंत.
डावा आखडला की तोंड उजवीकडे वळतं,
उजवा आखडला की डावीकडे.
नकार देताना दोघेही आळीपाळीने राबतात.
सत्त्याहत्तर वर्षांत किती नकार दिले असतील हिनं,
आणि किती गिळले असतील.

दोराच्या आडोशाला एक म्यान, त्यात तिघं :
शीर, रुंद, सैल, पडून राहिलेली;
धमनी, मेल्यावरही गोलच;
आणि दोघांच्या मागे दडलेली, सुतळीएवढी,
पार पोटापर्यंत जाणारी पांढरी नस.

तिची एक फांदी आवाजासाठी असते.
पण ती गळ्याशी थांबत नाही.
डावीकडची तर थेट छातीत उतरते,
हृदयातून निघालेल्या मोठ्या कमानीला
खालून वळसा घालते
आणि श्वासनळीच्या कडेकडेनं पुन्हा वर येते.
"एवढा आडवळणाचा रस्ता का?" विर्वेनं विचारलं.
प्राध्यापक लेपिक म्हणाले,
"माशांच्या अंगात हा रस्ता सरळ होता.
मग मान लांबली.
रस्ता बदलायला कुणी आलं नाही."

पावणेअकराला विर्वेचा चिमटा थांबला.
डावीकडे, थायरॉईड असायला हवी त्या रिकाम्या जागी
काळ्या रेशमाची गाठ.
नीट मारलेली. दुहेरी. टोकं आखूड.
गाठीच्या आत एक बारकी धमनी,
आणि धमनीबरोबर चुकून
ती परत येणारी नस.
छातीपर्यंत जाऊन आली होती.
घर दोन बोटांवर होतं.

लेपिक वाकले. चष्मा कपाळावर सारला.
चाळीस वर्षं याच गावातले गळे उघडलेला माणूस.
कागदावर नाव नसतं,
फक्त आकडा आणि वय.
"आम्हाला गाठ पटकन मारायला शिकवायचे,"
एवढंच म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही.
त्यांची घाटी एकदा वर गेली, खाली आली.
मग त्यांनी गाठीशेजारी टाचणी खोचली,
टाचणीला चिठ्ठी : आठ.
"परीक्षेत विचारीन."

म्हणजे हिच्या गळ्यातला एक पडदा हलायचा,
दुसरा नुसता उभा.
फोनवर लोक "कोण? कोण बोलतंय?" करत राहिले असतील.
बसमध्ये ही "थांबा" म्हणेपर्यंत
थांबा मागे गेला असेल.
देहदानाच्या फॉर्मवर मात्र सही ठसठशीत असणार.
सहीला घसा लागत नाही.

जूनमध्ये ही माझ्याकडे येईल.
शिवताना ती गाठ मी आत ठेवणार नाही.
उपयोग काय, विचारू नका.
मलाही माहीत आहे.

संध्याकाळी चारला पुन्हा अंधार.
बस पुलावरून गेली. खाली एमायोगी,
वरून गोठलेली, आतून चालू.
मफलरच्या आत दोन बोटं घालून
मी नाडी बघितली, उगाच.
माझा थांबा आला.
हाताशी लाल बटण होतं.
तरी मी ओरडले.