वाऱ्याचे दिवस

उद्या वाऱ्याचा दिवस आहे.
तसा वारा इथे रोजच असतो, समुद्रकाठ आहे,
पण उद्याचा वायव्येकडून येणार,
कोळशाच्या डोंगरावरून, कोक-भट्ट्यांवरून,
सरळ आमच्या गल्लीत.
नगरपालिकेच्या दारावर हुकूम लागलाय, डिंक अजून ओला:
खिडक्या दुपारी बारा ते सहा उघडाव्यात, एरवी नाही.
मैदानावर धावू नये.
शाळा बंद.

चिमण्यांबद्दल त्यात काही नाही.
त्यांचा कागद वेगळा, तो रोमला राहतो,
आणि दर दीड वर्षानं त्याला मुदतवाढ मिळते.

मी कोसिमा. प्रांताच्या हवा खात्यात आहे.
खातेही तीच, मोजतेही तीच.
फुटबॉलच्या कुंपणाशी कपाटाएवढी एक पेटी,
तिच्यात रोज पांढरी चकती ठेवायची
आणि कालची काढायची.
कालची म्हणजे कॉफी सांडलेली बशी.
चिमट्यानं उचलून डबीत, डबीवर तारीख,
तारखेखाली माझी सही.
मग प्रयोगशाळेतून आकडा येतो:
बेंझोपायरीन, घनमीटरला अमुक नॅनोग्रॅम.
मर्यादा एकची आहे. वर्षाच्या सरासरीनं.

सरासरी फार मायाळू बाई.
मंगळवारचं सगळं ती रविवारच्या समुद्रवाऱ्यात खंगाळते,
डिसेंबरअखेर इस्त्री करून हातात देते.
गेल्या साली शून्य पूर्णांक नऊ.
साहेबांनी पेस्ट्री आणली होती, लिंबाची.
मीही खाल्ली. दोन.

दफनभूमीत ओरोन्झो थडगी रंगवतो.
संगमरवर पांढरा ठेवला तर आठवड्यात तांबूस होतो,
म्हणून तो आधीच गुलाबी हात मारून ठेवतो,
नातेवाइकांना बरं वाटतं.
त्याचा भाऊ एकोणतीस वर्षं भट्टीवर होता,
आता तिसऱ्या ओळीत, सरूच्या शेजारी.
"बंद करा म्हणू नकोस," तो मला म्हणतो,
"पोरं मिलानला निघून जातील.
मग खिडकी उघडायची कुणासाठी?"
ब्रश झटकतो. माझ्या बुटावर दोन गुलाबी थेंब.
मी त्याला उत्तर दिलेलं नाही.
ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट.

खालच्या मजल्यावरची मिरेल्ला नऊ वर्षांची.
शुक्रवारी तिची भूगोलाची परीक्षा,
म्हणून तिनं संत कातालदोला नवस बोललाय:
वारा येऊ दे.
मेणबत्तीचे पैसे माझ्याकडूनच नेले,
कशाला हवेत ते मी विचारलं नाही.

आणि आला वारा.
पहाटे पाचलाच शटरं दातांसारखी वाजायला लागली.
मिरेल्ला जिन्यात स्कूटर चालवत होती, गाणं म्हणत होती,
मध्येच थांबून खोकली, पुन्हा गायला लागली
त्याच कडव्यापासून.

दुपारी बाराला, हुकूमाप्रमाणे, मी खिडकी उघडली.
खाली ती बाल्कनीत ओणवी.
फ्रिजवरचं चुंबक, पिझ्झेरियाचा फोन नंबर असलेलं,
दोऱ्याला बांधून फरशीवरून फिरवत होती
गाय चारायला न्यावी तसं.
उचललं, तर चुंबकाला दाढी आलेली,
काळी, चमकदार, उभ्या केसांची.
"बघ, ही घरातलीच!" ती ओरडली. "आई सकाळी पुसून गेली होती!"

खाली गेले. खिशात एक रिकामी डबी होती, असतेच.
दाढी तिनं स्वतः खरवडून घातली,
जीभ बाहेर काढून, अगदी सावकाश,
एकही कण सांडला नाही.
मी तारीख घातली.
सहीच्या जागी तिनं आपलं नाव लिहिलं,
दोन ल पुसट झाले, म्हणून पुन्हा गिरवले.

आता ही डबी माझ्या टेबलावर आहे.
फॉर्ममध्ये केंद्र क्रमांक लागतो. बाल्कनीला क्रमांक नाही.
उपकरणाच्या रकान्यात मी "चुंबक" लिहिलंय,
कंसात काही नाही.
साहेब सोमवारी येतील.

सहा वाजत आले. खिडकी लावायला हवी.
मिरेल्ला खालून विचारतेय,
उद्याही आहे का गं वारा?