वाडीबंदरच्या लिननखात्यातून

जुईली, तू विचारलंस म्हणून सांगते,
नाहीतर मी कुठे गेलेय?
लांबात लांब मनमाड,
तेही नणंदेच्या बाळंतपणाला, दारात बसून.
पण एकोणतीस वर्षं वाडीबंदरला
गाड्यांतून उतरलेल्या चादरी मोजल्या.
गठ्ठा सोडला की कळायचं
कोण कसं गेलं.

मॉस्कोपासून त्या टोकापर्यंत म्हणतेस, सात रात्री.
नाव तीनदा सांगितलंस, जिभेवर बसत नाही.
असू दे. रूळ तो रूळ.

खालचा बर्थ मागू नकोस.
खालची चादर एकट्याची कधीच नसते,
तिच्यावर चार जणांचे गुडघे, पत्त्यांचा डाव,
कुणाचा तरी चहा.
वरच्या बऱ्या यायच्या,
एका माणसाच्या झोपेपुरत्या मळलेल्या.

पेन टोपणाचं ने. खटक्याचं नको.
रात्री खटका दाबलेला राहतो
आणि सकाळी अंगाखाली निळं तळं.
तो डाग मरेपर्यंत जात नाही.
माझ्या पगारातून दोनदा कापलाय.

लोणच्याचं तेल नको, मेतकूट चालेल.
गरम पाणी म्हणे डब्यातच मिळतं, चोवीस तास,
मग भाजणी ने, सांजा भाजून ने.
लिंबं चार. कापू नकोस,
नुसती हुंगायला,
तिसऱ्या दिवशी सगळ्यांचे मोजे बोलायला लागतात तेव्हा.

आणि भाजक्या शेंगा, किलोभर तरी.
समोरच्याची भाषा येत नसली
तर त्याच्यापुढे मूठभर ओत.
सोलायला भाषा लागत नाही.
(टरफलं कागदात. चादरीत नाही.)

एक घड्याळ इथल्याच वेळेवर ठेव.
तुझी आई भायखळ्याच्या हॉस्पिटलातून
साडेआठला येते.
तिला चप्पल काढू दे, पाणी पिऊ दे,
मग फोन कर.
रेंज नाही मिळाली तर नाही,
हे तिला आधीच सांग, निघायच्या दिवशी नको.

चौथ्या दिवशी रडू येईल.
कशाचं ते कळणार नाही.
बाहेर तीच झाडं, काल होती ती,
आणि घर दोन्हीकडून सारखंच लांब.
येऊ दे.
अभ्र्यावरचे मिठाचे डाग
पहिल्या पाण्यात जातात.
हे मला कुणी शिकवलं नाही,
अभ्रे मोजून मोजून कळलं,
लांबच्या गाड्यांचे जास्त असायचे.

उतरण्याआधी चादर झटक.
दोनदा. मग उशीखाली हात घाल.
आम्हाला काय काय सापडायचं,
कवळी, एका पायाचा बाळमोजा,
मंगळसूत्राची एक वाटी.
एकदा अख्खा गठ्ठा शिट्टी वाजवायला लागला,
आम्ही चौघी भिंतीला चिकटलो,
सखूबाई तर पोलीस आणायला निघाली.
उलगडलं तर कानाचं मशीन.
चालूच.
कुणीतरी म्हातारं माणूस त्या दिवशी
मुंबईत उतरून
काही न ऐकता चाललं असेल.
आठवडाभर खिडकीत ठेवलं होतं.
कुणी आलं नाही.

पासपोर्ट, पैसे, ते सगळं तुला कळतं,
तुझी पिढी फोनवर तिकीट काढते.
मला कळतं ते एवढंच.

आणि हे बघ, तिथे म्हणे
डब्याची बाई असते, चादरी देते, परत घेते.
तुझी तू घडी करून दे,
चुरगाळून कोंबू नकोस.
चार कोपरे जुळव, मी शिकवलं तसं.
तिला कळेल.
जमलं तर विचार,
धुतात कुठे, मोजतं कोण,
फाटलेली कोणाच्या नावावर टाकतात.
आमच्या चादरींच्या कोपऱ्याला शिक्का असायचा, साल असायचं.
त्यांच्याला काय असतं बघ.

बर्फाचे फोटो तू दाखवशीलच, ते मोठं तळंही.
मला आधी
तो कोपरा पाठव.