बावीस अक्षरं

पोत्झुओलीत जमीन वर येते.
महिन्याला बोटभर, कधी थोडी जास्त,
आणि बंदरातल्या होड्या दरवर्षी
आणखी जराशा चिखलात बसतात.
असूंता काच्चापुओती टेकडीवरच्या संस्थेत
एकोणीस वर्षं मासे सांभाळते:
मेदाका, मूळचे जपानी भातखाचरांतले,
बोटाच्या पेराएवढे, अंडी काचेसारखी आरपार.
चौदा तास उजेड, दहा तास अंधार.
धक्का आला की चारशे टाक्यांतलं पाणी
एकदम शहारतं.
ती हात पुसते
आणि मोजणी पहिल्यापासून सुरू करते.

मिरेल्लानं तिला एकदा समजावलं होतं, कॉफी पिता पिता:
डोळा घडवायला पुष्कळ जण जमतात,
सगळे मोठ्यानं बोलणारे.
भिंग करा, पडदा करा, पेशी आणा,
अजून, अजून.
त्यांच्यात एक असतो बावीस अक्षरांचा.
त्याच्यापासून काहीच बनत नाही.
दुसऱ्याच्या चिठ्ठीला तो जाऊन चिकटतो
आणि म्हणतो, पुरे.
भिंगाला पुरे. वाढीला पुरे.
आता वळ. आता शीव ती खालची फट.

असूंता म्हणाली, आमच्या घरी
ताटावर पुरे म्हणणारं कुणीच नव्हतं.
मिरेल्ला हसली.
असूंता कप विसळायला उठली.

तिचे वडील साबातीनो शिंपले विकायचे.
दोन्ही बाहुल्या खालून उघड्या,
किल्लीच्या भोकासारख्या.
बाजारातली पोरं त्यांना कुलूप म्हणायची.
दुपारी खिडक्यांच्या झडपा लावून बसत,
तिन्हीसांजेला दाराच्या चौकटीवर आपटत.
सांता लुचियाला चांदीचे डोळे वाहून झाले.
ते डोळे मात्र छान गोल होते.

पुढे सगळ्या घराचं रक्त तपासलं, तेव्हा कळलं:
बावीसांतलं एक अक्षर बदललेलं.
आपण याला ध चा मा म्हणतो,
आणि त्या पत्रानं कुणाचा घात केला तेही सांगतो.
इथे घात कुणी योजला नव्हता.
गप्प करण्याचा एक हुकूम होता
आणि त्याची जीभ एका अक्षरावर अडखळली,
आईच्या पोटात, कितव्यातरी आठवड्यात,
कुणी ऐकत नसताना.
असूंतामध्ये ते अक्षर जागेवर आहे.
त्याचा तिला कधी आनंद झाला नाही.
थोडी लाजच वाटली.

मंगळवारी अंडी तिनंच टोचली होती,
केसाहून बारीक सुईनं.
काहींत नीट बावीस,
काहींत वडिलांचे.
कुठल्या बशीत काय, हे तिला सांगायचं नसतं.
शुक्रवारी अकराव्या बशीत
एक अंडं हललं, आतला मासा फिरला,
आणि डोळ्याच्या काळ्या वर्तुळाला तळाशी
शिवायची राहून गेलेली फट.
सूक्ष्मदर्शकाचा दिवा खालून येत होता,
तो फटीतून तसाच वर आला,
कुणाला न विचारता.

नोंदवहीत तीन रकाने: मिटलं, अर्धं, उघडं.
तिनं पेन उचललं.
ठेवलं.
आधी दिवा कमी केला,
कारण भर उन्हात कुणी हाक मारली
की ते असेच अंग फिरवायचे.

संध्याकाळी ती बंदरावर उतरली.
शेवटच्या वर्षांत वडील धक्क्याच्या पायऱ्या
पायानं मोजायचे आणि संतापायचे:
पूर्वी पाण्याला सात लागायच्या, आता अकरा,
समुद्र पळतोय.
बाबा, समुद्र जागेवर आहे, आपण वर चाललोय,
असं तिनं सांगितलं होतं. त्यांना पटलं नाही.
ज्याला दिसतं त्यानं काहीही सांगावं, म्हणाले.

ती मोजत गेली.
दिवे अजून लागले नव्हते,
डोळे मिटायची गरज पडली नाही.
चौदाव्या पायरीवर
बूट ओला झाला.