रकाना क्रमांक सात

खिडकी चौदाच्या हळदणकर बाई म्हणाल्या,
रिकामा सोडता येत नाही.
सोडला तर यंत्र पुढे सरकत नाही
आणि यंत्र सरकलं नाही तर तुमचा हर्निया
राहील तिथेच, जिथे आहे.

मी म्हटलं, काही नाही, असं लिहा.
म्हणाल्या, काही नाही यादीत नाही.
इतर होतं पूर्वी.
नव्या यादीत तेही गेलं.

अडुसष्ट वर्षांचा मी.
त्यातली छत्तीस गोदीत
भरती-ओहोटीचे आकडे उतरवण्यात गेली.
समुद्राने माझ्याकडे कधी श्रद्धा मागितली नाही.
अंदाज चुकला तर चूक माझी,
बरोबर आला तर कौतुक चंद्राचं.
एवढ्यावर निभावलं होतं.

आणि आता परळच्या या खिडकीशी,
बगलेत एक्स-रेचा लिफाफा,
धर्म निवडायचा
चष्म्याची फ्रेम निवडावी तसा.

जन्माचा होता एक.
त्याचा राजीनामा एकोणिसाव्या वर्षीच दिला,
मंजूर झाल्याचं पत्र अजून आलेलं नाही.
मालन दिवा लावायची तेव्हा
काडेपेटी सापडायची नाही तिला.
रोज मीच शोधून द्यायचो.
ते धरायचं का, बाई?
नाही? बरं.

माउंट मेरीच्या वाटेवर मेणाचे पाय मिळतात,
मेणाचे हात, मेणाची घरं, मेणाची तान्ही बाळं.
हर्नियाचं मेणात काय करत असतील?
तरी, सुटे भाग घेऊन बसलेल्या देवाशी
गोदीतल्या माणसाचं जमलं असतं.

मशिदीतल्या रांगेचं मला कायम वाटत आलं.
खांद्याला खांदा,
साहेब कोण, हमाल कोण, पाठीवरून कळत नाही.
पण पहाटे?
मी पोराच्या बारशालाही उशिरा पोचलो होतो.

चर्चगेटजवळ पारशांची विहीर आहे. पाणी गोड, म्हणतात.
समुद्र हाकेवर असताना गोड कसं,
याचं कोष्टक मी दोन वर्षं मांडत होतो.
त्यांच्यात बाहेरच्याला घेत नाहीत.
सगळ्यांत प्रामाणिक मला तेच वाटलं.

आणि एक आहे,
ज्यात देवाची सक्तीच नाही.
माझं माप घेऊन शिवल्यासारखा.
पण आमच्या खात्यातल्या कासारेच्या आजोबांनी
तो घेतला तेव्हा
गावाने त्यांचं पाणी तोडलं होतं.
असं मोल देऊन कुणी मिळवलेलं
मी एका रकान्यासाठी, उभ्या उभ्या, फुकटात उचलू?
जीभ वळली नाही.

ठरलं का, हळदणकर बाई.
मागे रांग खोकत होती.

तेवढ्यात माझ्या पाठीमागचा पोरगा,
हातात सलाईनची बाटली उंच धरलेली,
नळीचं दुसरं टोक स्ट्रेचरवरच्या म्हाताऱ्याच्या मनगटात,
म्हणाला, काका, माझा लिहा की.
मला कमी नाही पडणार.
फक्त लवकर लिहा.

बाईंनी त्याचा कागद ओढला, पाहिला,
माझ्या सातव्या रकान्यात उतरवला.
यंत्र सरकलं.

मी विचारलं नाही.
छापलेलं वाचायला मला चष्मा लागतो
आणि चष्मा मी खिशातून काढला नाही.

ऑपरेशन गुरुवारी.
रात्री वॉर्डात सिस्टर आली, फाइल चाळली,
आजोबा, तुमच्यात उद्या उपास असतो ना?
नाश्ता लिहू की नको?

मी म्हटलं, थांबा जरा, विचारून येतो.
पायात सपाता सरकवल्या
आणि निघालो त्या पोराला शोधायला,
जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी,
बंद कँटीनच्या बाकांवर,
वडील कसे आहेत हे आधी विचारायचं,
वडील कसे आहेत हे आधी,
असं घोकत.