हिरवा गोल

चित्र जुन्या कॅलेंडरवरचं,
सालाचे आकडे कापून टाकलेलं.
शंभर वर्षांमागे कुणा परमुलखातल्या माणसानं
झाडं, घोडे, घरं सगळं सोडून दिलं एके दिवशी
आणि काढला नुसता लाल चौकोन, जरासा कललेला,
त्याच्या कानाला टेकलेली काळी रेघ,
खाली पिवळ्या त्रिकोणाचं टोक,
आणि उजवीकडे, कशाशी देणंघेणं नसल्यासारखा,
एक हिरवा गोल.

मी ते सातवीच्या वर्गात लावलं.
खिळा एकच, म्हणून तेही कललं,
त्यामुळे चौकोन मात्र अगदी सरळ दिसायचा.

पोरं म्हणाली, मॅडम, हे काय हाये?
मी म्हटलं, रंग आहे, आकार आहे, तोल आहे.
'तोल' म्हणताना हात हवेत गेला
आणि तिथेच राहिला थोडा वेळ.
माझ्या वहीत एवढंच होतं:
विरोधी रंग शेजारी ठेवल्यास उठाव येतो.
दोन मार्कांसाठी.

पालक सभेला दुर्पता नन्नावरे आली
भिवापूरच्या सातऱ्यावरून थेट.
बोटांना खोबरेल, पदरात खोकला.
सातऱ्यावर मिरची पसरली की
जमीन दिसत नाही,
मधून पाऊलभर वाट,
बायका ओळीनं बसून डेठ खुडतात
आणि दिवस लालावरून हलत नाही.

सह्यांचा कागद हातातच ठेवून
ती चित्रापुढे उभी.
"हा सातऱ्यावर बसला व्हता का?"
कोण?
"ज्यानं काढलं, थो."

मग म्हणाली, मिरचीचा भाव सांगावा तशा आवाजात,
"दिवसभर लाल निवडलं ना मॅडम,
का सांजच्यापारी भाकर थापतानी
पांढऱ्या भितीवर हिरवं दिसते. गोल गोल.
डोये मिटले तरी जात नाही.
सासू म्हणे, बाहेरचं हाये. मीठ उतरून टाकलं.
याले बी दिसलं असन.
यानं मीठ नाही उतरवलं,
काढून ठेवलं."

सही केली. पोरीले गणितात किती, विचारलं.
एकवीस, मी म्हटलं.
"पन्नासपैकी?"
शंभरपैकी.
ती गेली.

शाळा सुटल्यावर मी दार लोटून घेतलं
आणि लालाकडे बघत बसले, शंभरपर्यंत मोजत.
सत्तरला उमरेडच्या एस.टी.नं हॉर्न दिला,
मोजणी तुटली.
पुन्हा एकपासून.
मग नजर चुन्याच्या भिंतीवर नेली.

आधी काहीच नाही.
मग चुन्यातून शेवाळासारखं काही हललं,
फिकट, कडांना थरथरतं.
हिरवंच.
पण चौकोनी.

तिचा गोल कुठून आला,
आणि त्याचा,
ते विचारायला हवं होतं.
पुढची सभा जूनमध्ये.
तोवर सातरे उठलेले असतील.