आधी बोट, मग वस्तरा

बाप म्हणायचा, आधी बोट, मग वस्तरा.
पाण्याखाली खडक कुठे ते ठाऊक नसेल
तर तांडेल होडी घालत नाही.

गेली एकतीस वर्षं
देवगडात, आनंदवाडीच्या धक्क्यासमोरच्या खोक्यात
मी डोकी चाचपतो आहे.
दामाजी कुबलाच्या टाळूवर आवाळू,
सुपारीएवढं, गुळगुळीत, बोटाखाली सरकणारं.
त्याच्या बापालाही तिथेच होतं.
लिलावाच्या गर्दीत टोपी काढून दाखवतो, इस्टेट असल्यासारखं.
सुलेमान मुकादमाच्या मानेवर, कॉलर घासते तिथे,
चरबीची गाठ; दाबली की बसते,
सोडली की वर.
पोरांच्या कपाळांवर टेंगळं,
कैरीला मारलेले धोंडे ज्याचे त्याला परत मिळालेले.
केसतोड असेल तर मी कात्रीसुद्धा लावत नाही.
आणि कानामागची वाटाण्याएवढी अवधाणं,
उवा गेल्या, दाढ काढली, की
आपसूक विरतात.

डॉक्टरला मी एकदाच विचारलं.
सरकारी दवाखान्यातल्या बाई, मुलाचे केस कापायला आलेल्या.
म्हणाल्या, दुखऱ्या गाठीला माणूस स्वतःच घाबरतो,
न दुखणारी दिसली तर तुम्ही घाबरा.
आणि लगेच, मागून जरा बारीक करा हं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी बाबल खवणेकर आला.
ओठाखाली तंबाखूची गोळी, अंगाला डिझेलचा वास.
साबण लावला. ब्रश जबड्याखाली वळला
आणि अडला.
उजवीकडे, कानाच्या पाळीपासून दोन बोटं खाली.
ढकलून पाहिली. हलली नाही.
खडकाला कालव धरून असतं, तशी.

"दुकता काय रे?"
"नाय. काय एक दुकणा नाय."
"कधीपासना?"
"चवथीपासना आसा. जाळ्याचो धको लागलो आसतलो."

आरशात तो माझ्याकडे बघत होता,
मी त्याच्या मानेकडे.
मागच्या बाकावर सुरमईचा भाव चालला होता.
न्हाव्याने गावच्या बातम्या सांगाव्यात,
ज्याची त्याला सांगू नये.
मी म्हटलं, फाल्याच बांबोळीक जा.
"फाल्या दिवाळी."
"मगे परवा."
तो हसला. मग फेस वाळेपर्यंत
काही बोलला नाही.

रात्री मी स्वतःची मान चाचपली,
डाव्या हाताने.
उजव्याला फार कळतं.

शिमग्याला तो परत आला.
सदरा खांद्यांवरून घसरणारा,
जबड्यापासून गळ्यापर्यंत टाक्यांची रांग,
तेहतीस शेक घेतलेला उजवा गाल
शाळकरी पोरासारखा.
खुर्चीत बसताना हात पुडीसाठी खिशात गेला
आणि रिकामाच मांडीवर येऊन बसला.

सवयीने आधी बोट.
गाठ होती तिथे आता खळगा,
माझं पेर त्यात मावलं.
डावी बाजूही पाहिली, पार हासळीपर्यंत.
तो श्वास धरून होता.
"हाताक काय लागणा नाय," मी म्हटलं.
तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले.
"दाडी अर्दीच उगावता. अर्देच पैशे घे."

मी पूर्ण घेतले.
तो धक्क्याकडे वळला तशी
बाकावर दामाजीने टोपी काढली,
दाखवायला नाही,
आणि हळूच विचारलं,
"माजा हलता मां रे?"